बाईंचं हातवळण

आईविरुद्धच्या कागदावर मी सही केली तेव्हा मी कँटीनचा उपमा खात होते. उपमा गार होता, एवढंच त्या सकाळचं वेगळं आठवतं. बाकी रोजच्यासारखा मंगळवार. टॅबवर त्या आठवड्याचे सदतीस चालक-दाखले आले होते. मी एकेक उघडत होते, जुळणीचा आकडा बघत होते आणि अंगठा टेकवत होते. दाखल्यावर नाव नसतं, गाडीचा नंबरही नसतो. आमचा एक आतला क्रमांक तेवढा असतो. सही करणाऱ्याला कुणाची कणव येऊ नये म्हणून हा नियम केलेला. मीच केलेला.

गुरुवारी दुपारी आईचा फोन आला. ती फोनवर प्रस्तावना करत नाही. म्हणाली, "पोलिसांनी माझं लायसन नेलंय. कागदावर तुझी सही आहे."

मी ऋजुता पिसाळ. चाकणच्या एका मोटार कंपनीत वाहनसुरक्षा विभागाची प्रमुख. गाडीतल्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरच्या कुणी शिरू नये, हे बघणं माझं काम. विभागात आम्ही सात जण, त्यात पाच बायका, आणि आमच्या डोक्यावर तंत्रज्ञानप्रमुख उत्तरा खांडेपारकर, तीही बाईच. म्हणून कँटीनमध्ये आम्हाला 'हळदीकुंकू मंडळ' म्हणत. आम्ही तीच पाटी करून विभागाच्या दारावर लावली, तेव्हापासून म्हणणाऱ्यांची मजा गेली.

सहा वर्षांपूर्वी चोरांनी आमची झोप उडवली होती. किल्लीतून निघणारा संदेश हवेतल्या हवेत पकडायचा, त्याची नक्कल गाडीला ऐकवायची, की गाडी गुमान सुरू. किल्ली जाऊन फोन आला, तर फोनचीही नक्कल झाली. उत्तरा म्हणाली की जे हवेतून जातं ते चोरीला जाणारच. हवेतून जातच नाही असं काहीतरी शोध. ते मला माणसाच्या हातात सापडलं.

गाडी आपण विचार करून चालवत नाही. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टीअरिंग सेकंदाला दोन-तीनदा केसभर इकडेतिकडे होत असतं. ब्रेकवर पाय आधी किती हलका पडतो, मग किती जड होतो, वळण संपताना चाक सैल सोडतो की धरून परत आणतो, हे सगळं सवयीनं मेंदूच्या मागच्या भागात जाऊन बसलेलं असतं. ठरवून बदलायला गेलं तरी दोन मिनिटांत मूळ चाल परत येते, आपलं अक्षर येतं तशी. आम्ही स्टीअरिंगच्या दांड्यावर आणि पेडलांखाली सेन्सर बसवले, सेकंदाला पाचशे मोजमापं घेतली आणि त्यातून प्रत्येक चालकाचे चौसष्ट आकडे काढले. गाडी हलली की पहिल्या पंधरा-वीस मीटरांत हे आकडे जुळले पाहिजेत, नाहीतर ती सावकाश कडेला थांबते. आकडे गाडीबाहेर कधीच जात नाहीत. बाहेर येतो तो फक्त निकाल. मोदकाच्या कळ्या पाडणारीचं असतं ते हातवळण. यंत्रणेला मी तेच नाव दिलं.

पहिल्या वर्षी ती बायकांना ओळखेना, कारण चाचणीच्या मैदानावर गाडी हाणणारे सगळे पुरुष. माझ्याही पायाला ती 'अनिश्चित' म्हणायची. मग मी भांडून नऊ हजार चालक गोळा केले, निम्म्या बायका, देशाच्या कानाकोपऱ्यातून. कुठल्या एका भागाचा भरणा होऊ नये म्हणून आणखी एक नियम केला: एका गावातून एकच. हा नियम मला फार आवडायचा, भाषणांत सांगायचे. त्या नऊ हजारांत यंत्रणा एकदाही चुकली नाही. नक्कल करायला सिनेमातले स्टंट करणारे आणले, तेही वीस मीटरांत अडकले. मग विमा कंपन्या आल्या आणि मागोमाग पोलीस. अपघाताच्या वेळी कोण चालवत होतं, हे गाडीलाच विचारायचं. गाडी सांगायची आणि मी सही करायचे.

आता आईचं. मी सही केली त्याच्या आधीच्या सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, कराडहून ओगलेवाडीकडे जाताना तिच्या गाडीचा आरसा दिनकर थोरात या पेपर टाकणाऱ्या गृहस्थांना लागला. ते सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत पडले, मांडीचं हाड मोडलं. गाडी थांबली नाही. गाडी कुणाची ते चौकातल्या कॅमेऱ्यानं सांगितलं. काचेवर ऊन होतं, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता. चालवणारं कोण ते गाडीनं सांगितलं. कुमुदिनी पिसाळ, वय अडुसष्ट, जुळणी नव्याण्णव टक्के.

मी शुक्रवारी कराडला पोचले. आईची कुमुद मोटार ट्रेनिंग स्कूल एकतीस वर्षांची आहे, फक्त बायकांसाठी. तालुक्यात गाडी चालवणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तिच्या हाताखालून गेल्यात आणि तिला 'बाई' म्हणतात. डॅशबोर्डवर काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायचं आणि गावातून फेरी मारून आणायची, ही तिची परीक्षा. पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. मागच्या सीटवर पोटुशी बाई बसलीय असं समजून चालवायचं, हे तिचं ब्रीद.

ओसरीवर सुगंधा बसली होती, विद्यार्थिनींचं हजेरीपुस्तक मांडीवर घेऊन. सुगंधा लोहार ही आईची मदतनीस, बावीस वर्षं सोबत आहे. मला ती धाकट्या मावशीसारखी. एरवी मला बघून पहिल्यांदा चहा टाकते, त्या दिवशी नुसती हसली आणि पुस्तकात बघू लागली. मी लक्ष दिलं नाही. माझं लक्ष आईकडे होतं.

आई म्हणाली, ती गाडी चालवत नव्हती, घरी पावटा सोलत होती. तेव्हा घरात दुसरं कुणी होतं का, तर नव्हतं. मग गाडी कुणी नेली होती, यावर तिनं पावट्याची परात पुढे ओढली आणि सोलायला लागली. मी पुन्हा विचारलं, तिनं पुढची शेंग उचलली.

मी मनात दोन गोष्टी पक्क्या धरल्या. आई खोटं बोलत नाही, हे मी चाळीस वर्षं बघतेय. यंत्र चुकत नाही, हे पाच वर्षं. राहिलं काय, तर विसरणं. या वयात होतं, आणि असं काही घडलं की मन ते पुसूनही टाकतं. मी येतानाच पुण्याच्या एका मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली होती. बोलता बोलता सहज विचारल्यासारखं दाखवत तिला म्हटलं, शंभरातून सात-सात वजा करत जा बघू.

तिनं हातातली शेंग परातीत टाकली. मग त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर असं करत दोनपर्यंत न अडखळता आली.

"गाडीचं खरं आणि आईचं खोटं," ती म्हणाली. "असू दे."

आणि पावट्याची परात उचलून आत गेली. मला लाज वाटली, पण मत बदललं नाही, हेही सांगितलं पाहिजे. उलट मी त्या रात्री डॉक्टरांची वेळ पक्की केली.

शनिवारी सकाळी शिकायला येणाऱ्या पोरी फाटकात जमल्या. शाळेची जुनी दुहेरी ब्रेकची गाडी मागे होती आणि आईची गाडी तिच्या वाटेत उभी. सुगंधा आली नव्हती. आईकडे लायसन नव्हतं, त्यामुळे ती स्वतःच्याच अंगणात स्वतःच्या गाडीला हात लावायला तयार नव्हती. म्हटलं, मी बाजूला घेते. ही गाडी मीच तिला दोन वर्षांपूर्वी घेऊन दिली होती, पण कधी चालवली नव्हती. 'तू आलीस की मीच चालवणार' असा तिचा खाक्या. गाडी मला ओळखणार नाही, वीस मीटरांवर थांबेल, पण अंगणातून काढायला तेवढं पुरे होतं.

बसले. सीट पुढे घेतली, पट्टा लावला. दोन्ही हात स्टीअरिंगला टेकवून कपाळाला लावले, ब्रेक दोनदा चाचपला, आधी उजवा आरसा, मग डावा. अठराव्या वर्षी बाईंनी लावलेली शिस्त, त्यात डोक्याला काही काम नव्हतं. फाटकाशी वळताना हात न ओलांडता चाक तळव्यातून सरकवत आणलं.

"नमस्कार, कुमुदिनीताई," गाडी म्हणाली.

आणि थांबली नाही. मी तशीच कृष्णेच्या पुलापर्यंत गेले आणि परत आले. पडद्यावर जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के. सहा वर्षांचं काम डोळ्यांसमोर होतं आणि ते मला माझ्या आईच्या नावानं हाक मारत होतं.

आईला सांगितलं, तर तिला काहीच नवल वाटलं नाही. "मग? सगळ्यांनाच म्हणते ती. सुगंधाला म्हणते, पलीकडच्या नसीमला म्हणते. आम्ही हसतो. 'चल गं कुमुदिनी' म्हणून एकमेकींना हाका मारतो. आम्हाला वाटलं, तूच तशी सोय करून दिलीयस. शाळेच्या कामाची गाडी, दहाजणींना लागते."

दोन वर्षं. दोन वर्षं माझं यंत्र कराडात रोज चुकत होतं, आणि मुलीनं आपल्यासाठी केलेली सोय म्हणून त्या बायका ते कौतुकानं चालवून घेत होत्या. एका गावातून एकच माणूस घेणाऱ्या मला हे कसं दिसणार? एकाच गुरूच्या हाताखालच्या दोघी माझ्या नऊ हजारांत कधी शेजारी बसल्याच नव्हत्या. हात जन्मतः येतो असं मी धरलं होतं. तो लावलाही जातो, हे फुलपात्र घेऊन शिकलेल्या मला तरी आठवायला हवं होतं.

मग मला पुढचं कळलं. मी विचारलं, "आई, सोमवारी सुगंधा चालवत होती ना?"

"माझ्या तोंडून नाव जाणार नाही," आई म्हणाली. "जिचं तिनं सांगावं."

"तिच्यासाठी तू स्वतःवर घेणार?"

"मी कुठं घेतलं? मी नव्हते असं पहिल्या दिवसापासनं सांगतेय. तुम्ही कुणी ऐकलं नाही." पुढचं बोलताना तिचा आवाज कापला, जो मी वडील गेले तेव्हाही कापलेला ऐकला नव्हता. "हात माझा उचलला गं तिनं, जसाच्या तसा. पण थांबायचं कसं विसरली?"

तिच्या शाळेत गाडीत बसायच्या आधी, अंगणात उभं करून, प्रत्येकीकडून एक वाक्य तीनदा म्हणवून घेतात. लागलं की थांबायचं, कुणाचं चुकलं ते नंतर. मीही म्हटलेलं आहे.

रविवारी मी आईच्या चौदा जुन्या विद्यार्थिनींना बोलावलं. नसीम आली, तहसील कचेरीतल्या दोघी आल्या, एक शाळेची बस चालवणारी आली. एकेकीनं फाटकापासून पुलापर्यंत फेरी मारली. चौदांपैकी नऊजणी गाडीच्या मते कुमुदिनी पिसाळ होत्या. सुगंधालाही निरोप होता. ती सगळ्यांत शेवटी आली, बसली, कपाळाला हात लावला, आणि वीस मीटरांवर गाडी कडेला उभी राहिली. 'अनोळखी चालक.' तिचे हात थरथरत होते आणि त्या थरथरीत बाईंचं हातवळण हरवलं होतं. बाकीच्या हसल्या, की सुगंधालाच कसं ओळखलं नाही. आई तोंड फिरवून तुळशीला पाणी घालायला गेली.

सोमवारी चाकणला उत्तराच्या खोलीत मी सगळं मांडलं. तिनं शांतपणे ऐकलं, आकडे दोनदा तपासले. ती कुणी दुष्ट बाई नाही. बायकांना न ओळखणाऱ्या त्या पहिल्या वर्षी माझ्यासाठी तिनं स्वतःची खुर्ची पणाला लावली होती. तिनं मार्ग सुचवला. गुरूकडून आलेल्या सवयी वजा करून उरलेल्यावर ओळख पटवता येईल, मार्चपर्यंत नवी आवृत्ती गाड्यांमध्ये जाईल. बाहेर बोभाटा नको. आईचा दाखला तांत्रिक कारणानं आजच रद्द करू.

मी विचारलं की बाकीच्या दाखल्यांचं काय. आजवर अकरा हजार चारशे दिले होते. त्यातल्या दोनशे बारा प्रकरणांत आमच्या कागदाशिवाय दुसरा पुरावा नव्हता. त्यातली किती माणसं एकाच उस्तादाकडे, एकाच बापाकडे, एकाच भावाकडे शिकली होती, कुणास ठाऊक.

"मार्चपर्यंत थांब," उत्तरा म्हणाली. "आज सगळे रद्द केलेस तर विमेवाले, पोलीस, सगळे आपल्याला सोडतील. आणि लोक काय म्हणतील ते सांगू? पिसाळबाईंनी आईसाठी यंत्रणा बुडवली."

ते खरं होतं, आणि तेच मला सगळ्यांत लागलं. आईचा एकच दाखला रद्द केला असता तर माझं घर सुटत होतं, काम टिकत होतं, आणि कुणाला काही कळणार नव्हतं. मी खोटं बोलत नाही. मला तो मार्ग त्या रात्रभर फार बरा वाटला. मंगळवारी सकाळी कँटीनमध्ये नवे एकेचाळीस दाखले टॅबवर आले, तेव्हा माझा अंगठा काही खाली जाईना.

दाखल्यांवर सही माझी, म्हणून ते मागे घ्यायचा अधिकारही माझा. मी अकरा हजार चारशेच्या अकरा हजार चारशे रद्द केले आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: एकाच शिक्षकाकडे शिकलेल्या चालकांना यंत्रणा वेगळं ओळखत नाही, चाचणीतली ही चूक माझी आहे. उत्तराला आधी कळवलं. तिनं मला अडवलं नाही. कागद संचालकांकडे पाठवताना मात्र माझ्या नावाखाली तिनं स्वतःचंही नाव घातलं, आणि त्याबद्दल आम्ही अजून एकमेकींशी बोललेलो नाही.

तीन दिवसांत मला चौकशी होईपर्यंत रजेवर पाठवलं. दारावरची 'हळदीकुंकू मंडळ' पाटी कुणीतरी काढली. लोक म्हणायचं तेच म्हणाले. मी आईला फोन करून सगळं सांगितलं.

"थांबलीस होय," ती म्हणाली. "जेवलीस का?"

पुढच्या शुक्रवारी आईचं लायसन परत मिळालं. मी सोबत होते. पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी स्वच्छ सांगितलं की आता या प्रकरणात चालकच उरलेला नाही. कॅमेऱ्यात चेहरा नाही, गाडीच्या बोलण्याला किंमत नाही. अज्ञात व्यक्ती म्हणून फाइल बंद होईल. माझ्या सहीनं आईला अडकवलं होतं, आणि ती सही मागे घेताना मी सुगंधाचीही वाट मोकळी केली होती. दिनकर थोरात मात्र पायात सळई घालून खाटेवर होते. आई दोनदा त्यांना भेटून आली होती. पेपर कोण टाकतं आता, एवढंच ते विचारत होते.

आम्ही घरी आलो तर सुगंधा फाटकात उभी. एवढ्या दिवसांत ती वाळली होती. आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, मी चालवत होते," ती म्हणाली. "आरसा लागल्याचं कळलं मला. मागं बघितलं, ते उठंनात. मी घाबरले ओ. पाय ब्रेकवर जाईचना."

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "मला कशाला सांगतीस?"

सुगंधा रडायला लागली. आता कुणी विचारणारं नव्हतं, कुणी पकडणारं नव्हतं. हे तिलाही कळलं होतं, आणि बहुतेक त्यामुळेच तिला राहवत नव्हतं. आईनं तिला रडू दिलं. मग घरात जाऊन फुलपात्र घेऊन आली, काठोकाठ भरलेलं, आणि डॅशबोर्डवर ठेवलं.

"बस. तू चालव."

आई तिच्या शेजारी बसली, मी मागे. सुगंधाचे हात थरथरत होते आणि पाण्याच्या काठावर शहारे येत होते. तिनं स्टीअरिंगला हात टेकवून कपाळाला लावले, डोळे पुसले, ब्रेक दोनदा चाचपला, आधी उजवा आरसा, मग डावा. फाटकातून वळेपर्यंत पाणी स्थिर झालं.

"नमस्कार, कुमुदिनीताई," गाडी म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही.

दत्त चौकातल्या गतिरोधकावर तिनं इतकी अलगद गाडी काढली की मला मागे कळलंही नाही. ठाण्यासमोर तिनं गाडी थांबवली आणि तशीच चाक धरून बसून राहिली. फुलपात्रातलं पाणी थेंबभरही सांडलं नव्हतं. आईनं ते उचललं आणि तिला प्यायला दिलं.